कुकडीकाठची राख

कुकडी नदी नाणेघाटाच्या बाजूला, कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम पावते, जुन्नर तालुका ओलांडत पूर्वेला जाते आणि पुढे घोड नदीला मिळते. घोड भीमेला मिळते. या सगळ्या वाटेवर तळाचा खडक एकच, काळा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार घडलं, तोच हा खडक. त्यामुळे जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ ज्वालामुखीची राख सापडली, तर त्यात नवल ते काय, असं कुणालाही वाटेल. पण १९८०च्या दशकात सापडलेल्या या राखेनं पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांना चांगलंच कोड्यात टाकलं. पुढची पंचवीस वर्षं तिच्यावरून पुणे, अहमदाबाद, धारवाड, टोरांटो आणि वेल्समधली माणसं एकमेकांशी वाद घालत राहिली.

पहिलं नवल राखेच्या जागेचं. ती बेसॉल्टच्या थरांमध्ये नव्हती. बेसॉल्ट थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटल्यावर नदीनं त्यावर जे गोटे, वाळू आणि माती आणून टाकली, त्या गाळात ती होती. म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीशी तिचं काही नातं असणं शक्य नव्हतं. दुसरं नवल तिच्या घटकांचं. काळ्या मुलखात हा थर फिकट दिसत होता. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण पारदर्शक काचेचे दिसत आणि त्यांच्या कडा वक्र असत. वितळलेल्या खडकात वायूचे बुडबुडे फुगतात, स्फोटात ते फुटतात आणि त्यांच्या भिंतींचे तुकडे क्षणात गोठून काच होतात. हे कण म्हणजे तेच तुकडे. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते, या काचेत ती तीन चतुर्थांशाहून जास्त होती. सिलिका कमी असेल तर लाव्हा पातळ असतो आणि वाहत जातो. सिलिका जास्त असेल तर तो इतका दाट होतो की आतला वायू कोंडतो आणि शेवटी डोंगरच उडवतो. गेल्या काही लाख वर्षांत महाराष्ट्रात असा स्फोट झालेला नाही. राख परकी होती, एवढं पहिल्याच तपासणीत कळलं. ती कुठून आली आणि कधी आली, हे मात्र कळलं नव्हतं.

डेक्कन कॉलेजला या 'कधी'चं मोल फार होतं, आणि त्यामागे कॉलेजचा स्वतःचा इतिहास होता. हसमुख सांकळिया १९३९ मध्ये तिथे पुरातत्त्वाचे अध्यापक झाले. त्यानंतरच्या दशकांत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोदावरी, प्रवरा, मुळा-मुठा अशा नद्यांचे काठ पायाखाली घातले आणि महाराष्ट्रात अश्मयुगीन माणूस राहत होता हे हातकुऱ्हाडी आणि फरश्या गोळा करून सिद्ध केलं. प्रवरेकाठचं नेवासे त्यातूनच नावारूपाला आलं. पण दगडी हत्याराचं वय दगडावरून सांगता येत नाही, कारण दगड हत्यारापेक्षा कोट्यवधी वर्षं जुना असतो. कार्बन-१४ची पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे चालत नाही. युरेनियम-थोरियमची पद्धत साडेतीन-चार लाखांपाशी थकते आणि 'याहून जुनं' एवढंच सांगून थांबते. अश्युलियन हत्यारं, म्हणजे दोन्ही बाजूंनी तासलेल्या त्या बदामी आकाराच्या हातकुऱ्हाडी, याच अंधारात पडून होत्या. आफ्रिकेत मात्र त्यांची वयं लाखांत सांगितली जात, कारण पूर्व आफ्रिकेच्या खचदऱ्यांमध्ये हत्यारांच्या खाली-वर ज्वालामुखीची राख मिळते आणि राखेचं वय मोजता येतं. भारतात अशी सोय कुठेच नव्हती.

बोरीला ती एकाएकी मिळाली. तिथे गोट्यांच्या थरात अश्युलियन हत्यारं होती आणि त्यांच्या सान्निध्यात राखेचा थर होता. १९८९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हा शोध जाहीर झाला. लेखकांत पहिलं नाव रवी कोरीसेट्टर यांचं होतं. त्यांच्याबरोबर डेक्कन कॉलेजचे भूपुरातत्त्वज्ञ श. न. राजगुरू होते, शीला मिश्रा होत्या, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले टी. आर. व्यंकटेशन आणि बी. एल. के. सोमयाजुलू होते. अहमदाबादला पोटॅशियम-अरगॉन पद्धतीनं राखेचं वय मोजलं गेलं आणि ते आलं सुमारे १४ लाख वर्षं. हा आकडा खरा असेल, तर कुकडीकाठचा माणूस आशियातल्या सर्वांत जुन्या माणसांच्या पंगतीत जाऊन बसत होता.

आता 'कुठून' या प्रश्नाचं उत्तर लागणार होतं, आणि इथेच गाडी अडली. त्याचं कारण समजण्यासाठी सुमात्राला जावं लागतं.

उत्तर सुमात्रातलं टोबा सरोवर सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मध्यात सामोसिर नावाचं मोठं बेट आहे. डच भूशास्त्रज्ञ राइन फान बेमेलेन यांनी १९३९ मध्ये असं मांडलं की हे सरोवर म्हणजे ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर खचलेला प्रदेश आहे. आतलं द्रव्य बाहेर फेकलं गेलं, वरचं छप्पर निराधार झालं आणि कोसळलं. भोवतीच्या मुलखात शेकडो मीटर जाडीचे राखेचे आणि तिच्यापासून बनलेल्या खडकाचे थर पसरले होते. पण एवढी राख आणखी कुठे कुठे गेली असेल, हे विचारण्याची साधनं त्या काळी नव्हती. ती पुढच्या काही दशकांत तयार झाली. आइसलँडचे सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी १९४४च्या प्रबंधात राखेच्या थरांवरून काळ जुळवण्याचं शास्त्र उभं केलं. त्यांचा तर्क साधा होता. उद्रेक काही दिवसांचा असतो, त्यामुळे त्याची राख जिथे जिथे पडली, तिथे तिथे तो थर एकाच वेळचा. दोन दूरच्या जागी एकच राख ओळखता आली, की त्या जागांच्या गाळातली एकेक पातळी नेमकी जुळते.

समुद्राच्या तळावर हे काम न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेतल्या ड्रॅगोस्लाव्ह निन्कोविच यांनी केलं. भूमध्य समुद्राच्या गाळात त्यांनी सॅन्टोरिनीच्या राखेचा माग १९६५ मध्ये काढला होता. नंतर ते हिंदी महासागराकडे वळले. बंगालच्या उपसागराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांमध्ये राखेचा एक थर पुन्हा पुन्हा दिसत होता आणि टोबाकडे जावं तसा तो जाड होत होता. १९७८ मध्ये निन्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो थर आणि टोबाची राख एकच असल्याचं दाखवलं आणि स्फोटाचं वय दिलं, सुमारे ७५ हजार वर्षं. त्यांचे सहकारी मायकेल लेडबेटर आणि स्टीव्हन स्पार्क्स यांनी त्याच थरातल्या कणांचा आकार खालून वर कसा बारीक होत जातो ते मोजलं. मोठे कण लवकर बुडतात, बारीक उशिरा. त्यावरून त्यांनी स्फोट ९ ते १४ दिवस चालला असावा असा हिशेब मांडला. विल्यम रोझ आणि क्रेग चेस्नर यांनी १९८७ मध्ये बाहेर पडलेल्या द्रव्याचा अंदाज दिला, २,८०० घन किलोमीटर घट्ट खडक. कुकडीचं पाणी शेवटी ज्या उजनी धरणात जातं, ते काठोकाठ भरलं तर त्यात ११७ टीएमसी, म्हणजे सव्वातीन घन किलोमीटरच्या आसपास पाणी मावतं. टोबानं बाहेर टाकलेला खडक अशी आठशेहून अधिक उजनी भरेल एवढा होता.

भारतात ही राख पहिल्यांदा ओळखली गेली ती मध्य प्रदेशात, सोन नदीच्या खोऱ्यात. ऑस्ट्रेलियाचे भूरूपशास्त्रज्ञ मार्टिन विल्यम्स तिथे अलाहाबाद विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांबरोबर काम करत होते. १९८०च्या सुमारास त्यांना नदीकाठच्या गाळात राख दिसली आणि ती टोबाची असल्याचं पुढे ठरलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एस. के. आचार्य आणि पी. के. बसू यांनी १९९३ मध्ये नर्मदेपासून आंध्र-ओडिशापर्यंतच्या अनेक नद्यांतली अशी राख एकत्र मांडली आणि ती सगळी ७५ हजार वर्षांपूर्वीचीच असल्याचं सांगितलं.

मग बोरीची राखही तीच म्हणावी, तर १४ लाखांचा आकडा आडवा येत होता. पण त्या आकड्याला खोडून काढणं सोपं नव्हतं, कारण टोबा एकदाच फुटलेला नाही. त्याच जागी सुमारे ८ लाख ४० हजार वर्षांपूर्वी एक मोठा उद्रेक झाला होता आणि सुमारे ५ लाख वर्षांपूर्वी आणखी एक. हिंदी महासागराच्या तळात या जुन्या उद्रेकांची राख मिळालेली आहे. जी राख महासागरात पोचली, ती भारतावरही पडली असणं सहज शक्य होतं. म्हणजे प्रश्न 'टोबा की दुसरा ज्वालामुखी' एवढाच उरला नाही. टोबाच्या पोटातले सगळे उद्रेक एकमेकांचे सख्खे भाऊ, आणि बोरीची राख त्यातल्या कुणाची, हे ठरवायचं होतं.

१४ लाख हा आकडा यातल्या कुठल्याच मोठ्या उद्रेकाशी नीट बसत नव्हता. म्हणून बोरीच्या राखेचं वय पुन्हा मोजलं गेलं. शीला मिश्रा, व्यंकटेशन, राजगुरू आणि सोमयाजुलू यांनी अरगॉन-अरगॉन ही सुधारलेली पद्धत वापरली आणि १९९५ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी'त नवा आकडा दिला, ६ लाख ७० हजार वर्षं. हा आकडा निम्म्याहून कमी झाला, तरी अश्युलियन हत्यारांना शोभेल इतका जुना होता. पण टोबाच्या ८ लाख ४० हजार आणि ५ लाख या दोन उद्रेकांच्या मधल्या मोकळ्या जागेत तो पडत होता.

त्याच वर्षी 'क्वाटर्नरी रिसर्च'मध्ये दुसरा लेख आला. टोरांटोचे फिलिप शेन आणि जॉन वेस्टगेट, सोनवाले मार्टिन विल्यम्स, आणि चौथं नाव रवी कोरीसेट्टर. कोरीसेट्टर तोवर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात होते. त्यांच्या लेखाचं म्हणणं स्पष्ट होतं. बोरीची राख टोबाच्या सर्वांत तरुण उद्रेकाची आहे, ७५ हजार वर्षांची. सहा वर्षांपूर्वी १४ लाखांच्या शोधावर ज्यांचं पहिलं नाव होतं, त्यांचंच नाव आता या लेखावर होतं. १९९५ साली बोरीच्या एकाच थराची दोन वयं छापून आली आणि त्यांत नऊपट फरक होता.

इतका फरक पडतो कसा? पोटॅशियम-अरगॉन पद्धतीचं घड्याळ समजून घेतलं की उलगडा होऊ लागतो. पोटॅशियम-४० हा पोटॅशियमचा किरणोत्सारी समस्थानिक फार सावकाश बदलतो, त्याचं अर्धआयुष्य सव्वा अब्ज वर्षांचं आहे. त्याचा काही भाग अरगॉन वायू होतो. लाव्हा वितळलेला असताना अरगॉन निसटून जातो, गोठल्यावर आत साठू लागतो. साठलेला अरगॉन मोजला की गोठल्यापासूनचा काळ कळतो. कोट्यवधी वर्षांच्या बेसॉल्टसाठी ही पद्धत उत्तम. पण ७५ हजार वर्षांत साठणारा अरगॉन इतका थोडा असतो की जरा जरी भेसळ झाली तरी हिशेब बुडतो. आणि बोरीची राख नदीच्या गाळात होती. ती बेसॉल्टच्या मुलखातून वाहणाऱ्या पाण्यानं हलवलेली, तिच्यात काळ्या खडकाची बारीक कणी मिसळण्याची पुरेपूर शक्यता. समजा, नमुन्यातल्या पोटॅशियमच्या शंभर भागांपैकी एकच भाग ६ कोटी ६० लाख वर्षांच्या बेसॉल्टमधून आला. मग त्या एका भागामुळेच वय सुमारे ६ लाख ६० हजार वर्षांनी फुगतं. ७५ हजारांची राख त्या भेसळीपायी सव्वासात लाखांहून जुनी दिसू लागते. प्रत्यक्ष बोरीच्या नमुन्यात असंच झालं, हे या गणितानं सिद्ध होत नाही. पण कुठल्या दिशेनं आणि किती फसगत होऊ शकते, ते त्यातून कळतं. अरगॉन-अरगॉन पद्धतीत नमुना पायरीपायरीनं तापवून निघणारा वायू मोजतात, त्यामुळे भेसळ असली तर ती उघडी पडावी अशी अपेक्षा असते. म्हणूनच ६ लाख ७० हजारांचा आकडा झटक्यात बाजूला सारता येत नव्हता.

शेन-वेस्टगेट मंडळींची वाट वेगळी होती. त्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि कुळ तपासलं. वेस्टगेट या वाटेचे जुने वाटसरू. १९६९ मध्ये त्यांनी आणि डी. जी. डब्ल्यू. स्मिथ यांनी इलेक्ट्रॉन प्रोबनं ज्वालामुखीच्या राखेतल्या एकेका काचकणाचं रासायनिक विश्लेषण करण्याची पद्धत मांडली होती. त्यापूर्वी राखेचा नमुना कुटून, विरघळवून एकत्र तपासला जाई. त्यात काच, स्फटिक आणि आजूबाजूची माती यांचा काला व्हायचा आणि उत्तर त्या काल्याचं यायचं. प्रोबमध्ये इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नेमका एका काचकणावर पडतो आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्या कणात काय काय किती आहे ते कळतं. शेजारी बेसॉल्टचा कण पडलेला असला तरी हरकत नाही, त्याला वगळता येतं. ज्या भेसळीनं अरगॉनचं घड्याळ बिघडतं, तिला इथे शिरकावच नाही. शिवाय काच म्हणजे स्फोटाच्या क्षणी गोठलेला द्रवच. ज्वालामुखीच्या पोटात त्या वेळी जे मिश्रण शिजत होतं, त्याचा तो नमुना.

पण सख्ख्या भावांचे चेहरे सारखे असतात. टोबाच्या जुन्या आणि नव्या उद्रेकांच्या काचेत सिलिका, ॲल्युमिनियम, पोटॅशियम ही मुख्य द्रव्यं जवळपास सारख्याच प्रमाणात असतात. मग बोरीच्या काचेची टोबाशी जुळणी झाली, तरी ती कुठल्या उद्रेकाशी झाली हे कसं मानायचं? १९९६ मध्ये शीला मिश्रा आणि राजगुरू यांनी त्याच 'क्वाटर्नरी रिसर्च'मध्ये आपला आक्षेप नोंदवला. तो निव्वळ हट्ट नव्हता. डेक्कन कॉलेजच्या माणसांनी हत्यारं स्वतः हाताळली होती. ती ७५ हजार वर्षांपूर्वीची असणं त्यांना पटणारं नव्हतं. त्या काळापर्यंत भारतात मध्य पुराश्मयुगाची लहान, छिलक्यांची हत्यारं आली होती. मोठ्या हातकुऱ्हाडींचा जमाना मागे पडला होता. राख तरुण ठरवायची, तर तिच्या शेजारच्या हत्यारांचं काय करायचं?

वादाचा निकाल हळूहळू लागला आणि तो अधिक बारीक मोजमापांनी लागला. वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये भारतातल्या अनेक ठिकाणांच्या काचेतली मुख्य द्रव्यं आणि अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं दोन्ही तपासली. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी निष्कर्ष देऊन टाकला: द्वीपकल्पीय भारतातली टोबाची सगळी राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. अत्यल्प मूलद्रव्यं इथे उपयोगी पडतात, कारण मुख्य द्रव्यं सारखी असली तरी बेरियम, स्ट्रॉन्शियम, यट्रियम यांची पातळी मॅग्माच्या इतिहासानुसार बदलते. कोणते स्फटिक आधी तयार होऊन बाहेर पडले, मॅग्मा किती काळ मुरला, त्यावर ती ठरते. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मिथ आणि सहकाऱ्यांनी राखेतल्या काळ्या अभ्रकाचे, म्हणजे बायोटाइटचे घटक पाहून टोबाचे उद्रेक वेगळे ओळखण्याची आणखी एक रीत दिली. टोबाच्या शेवटच्या उद्रेकाच्या काचेतसुद्धा बेरियमच्या कमीजास्त प्रमाणानुसार चार गट पडतात, हेही पुढे आलं. एकाच उद्रेकात एकाहून अधिक मॅग्माची कोठारं रिकामी झाली, असा त्याचा अर्थ. मग ओळख आणखी पक्की झाली. एखाद्या राखेत हे चारही गट एकत्र आढळले, तर ती दुसऱ्या उद्रेकाची म्हणणं कठीण. २०१४ मध्ये वेल्समधल्या ॲबेरिस्टविथचे निक पिअर्स, वेस्टगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरनं एकेक काचकण जाळून त्यातली अत्यल्प मूलद्रव्यं मोजली आणि भारतातून नोंदलेली टोबाची सगळी ज्ञात राख त्याच तरुण उद्रेकाची असल्यावर शिक्कामोर्तब केलं. राखेच्या बाजूनं प्रश्न सुटला.

उद्रेकाचं वयही दरम्यान अधिक नेमकं झालं. मायकेल स्टोरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मलेशियातल्या लेंगगाँगच्या राखेतले सॅनिडिन या खनिजाचे स्फटिक घेऊन ७३,८८० वर्षं हा आकडा दिला. इथे त्यांनी एकेक स्वच्छ स्फटिक निवडून मोजला, म्हणजे बोरीला जी अडचण होती ती मुळातच टाळली. जुनं घड्याळ वाईट नव्हतं. त्याला शुद्ध नमुना हवा होता.

आता ही राख बोरीला पोचली कशी, ते पाहू. टोबापासून बोरी तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. भारतात राख वायव्येकडे आली आणि दक्षिण चीन समुद्राच्या तळात ती ईशान्येलाही मिळाली. उंचावरचे पूर्वेकडून वाहणारे वारे आणि खालचे नैऋत्य मोसमी वारे एकाच वेळी असतील तरच असं होतं. म्हणून उद्रेक पावसाळ्याच्या महिन्यांत झाला असावा, असा तर्क आहे. आकाशातून पडलेला थर मुळात काही सेंटिमीटरांचाच असणार. पण डोंगरउतारांवरची ती हलकी, बारीक काच पावसानं धुऊन ओढ्यांतून नदीत आणली आणि जिथे पाण्याला निवांत जागा मिळाली तिथे तिचे जाड थर साचले. म्हणून एका ठिकाणी थर जाड, थोडं पुढे गेलं की पातळ किंवा नाहीसा. आंध्र प्रदेशात कर्नूलकडच्या ज्वालापुरमला तो दोन मीटरहून जाड आहे, आणि गावकरी तो खणून भांडी घासायच्या पावडरीसाठी विकत आले आहेत. महाराष्ट्रात बोरीशिवाय कऱ्हाकाठच्या मोरगावला आणि विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातही तो सापडला. समुद्रात मात्र असा धुऊन नेणारा ओढा नसतो. तिथे राख पडली तिथेच राहते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या जे. एन. पट्टण आणि व्ही. के. बनकर यांनी फिलिप शेन यांच्याबरोबर १९९९ मध्ये मध्य हिंदी महासागराच्या खोल तळातही ही राख नोंदवली. त्यापुढे ती पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या गाळात आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही मिळाली.

अशा रीतीनं कुकडीच्या गाळातली एक पातळी मलावीच्या गाळातल्या एका पातळीशी जोडली गेली. माणसाच्या इतिहासासाठी हे मोठं साधन झालं. टोबाच्या धुरळ्यानं पृथ्वी थंड झाली आणि माणूस नामशेष होता होता वाचला, अशी कल्पना १९९०च्या दशकात पुढे आली होती. ती तपासायची तर राखेच्या खालची आणि वरची माणसं पाहायला हवीत. ज्वालापुरमला मायकेल पेट्राग्लिया यांच्या चमूनं ते केलं, आणि त्या चमूत रवी कोरीसेट्टर होते. २००७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या त्यांच्या लेखात राखेच्या खाली आणि वर सारख्याच घडणीची मध्य पुराश्मयुगीन हत्यारं असल्याचं दाखवलं. सोनच्या खोऱ्यातल्या धाबा इथल्या २०२०च्या अभ्यासातही उद्रेकाआधी आणि नंतर वस्ती चालू राहिल्याचंच दिसलं. या दोन्ही ठिकाणी राखेनं आपलं काम चोख केलं, कारण तिथे प्रश्नच राखेच्या काळाचा होता.

बोरीला प्रश्न हत्यारांचा होता, आणि तिथे राख फार मदत करू शकली नाही. गोट्यांच्या थरातलं हत्यार तिथेच तयार होऊन तिथेच पडलेलं असेल असं नसतं. नदी जुन्या काठांना कोरते, त्यातली लाखो वर्षांपूर्वीची हातकुऱ्हाड उचलते आणि आजच्या गोट्यांत टाकते. राख ७५ हजारांची म्हणून हत्यार ७५ हजारांचं, हा निष्कर्ष जितका कच्चा, तितकाच कच्चा हत्यार जुनं म्हणून राख जुनी, हा निष्कर्ष. १९८९ पासूनचा वाद पुष्कळ अंशी या दोन प्रश्नांची गाठ बांधल्यामुळे लांबला. राखेचं कुळ काचेतून सिद्ध होतं, तिच्या शेजारी काय पडलंय यावरून नव्हे.

गंमत अशी की हत्यारं जुनी असावीत ही डेक्कन कॉलेजची जाणीव भारतापुरती खरी ठरली. २०११ मध्ये शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या अश्युलियन हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं असल्याचं 'सायन्स'मध्ये मांडलं. बोरीच्या राखेतून जो आकडा १९८९ मध्ये निघाला होता, त्याच्या जवळपासचाच. पण तो राखेतून आला नव्हता. दगडावर पडणाऱ्या वैश्विक किरणांमुळे क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० आणि ॲल्युमिनियम-२६ तयार होतात आणि दगड गाडला गेला की ती वेगवेगळ्या वेगानं घटत जातात. त्यावरून आणि गाळाच्या चुंबकीय नोंदीवरून तो काढला होता. अत्तिरमपक्कमची हत्यारं क्वार्ट्झाइटची आहेत, म्हणून ती मोजता आली. कुकडीकाठच्या हातकुऱ्हाडी बेसॉल्टच्या आहेत, आणि बेसॉल्टमध्ये मोजण्याजोगं क्वार्ट्झ नसतं. दख्खनच्या अश्मयुगाचं वय ठरवणं इतकं अवघड का, याचं उत्तर शेवटी त्याच काळ्या खडकात आहे. राखेनं पंचवीस वर्षं ती उणीव भरून काढल्याचा भास दिला. ती टोबाची निघाली आणि ७५ हजारांची निघाली, तेव्हा बोरीच्या हत्यारांसाठी दुसरा साक्षीदार शोधण्याचं काम पुन्हा तिथल्याच गोट्यांवर आणि मातीवर आलं.